जर्मन अँटीटँक तोफा: सगळीकडे ८८ च का नाही लावली?

प्रश्न असा आलाय की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडे ८८ मिलिमीटरची एवढी जबरदस्त तोफ पहिल्यापासून होती, मग ३७ ची, ५० ची, ७५ ची, निमुळत्या नळीच्या दोन-तीन, रशियन नळीची, फ्रेंच नळीची अशा इतक्या प्रकारच्या अँटीटँक तोफा ते बनवत का बसले, सरळ ८८ च सगळीकडे का नाही लावली. मी नोकरीची सगळी वर्षं तोफांच्या कॅरेज (नळी ज्यावर बसते तो गाडा) आणि रिकॉइल सिस्टम (गोळा सुटताना मागे बसणारा झटका झेलणारी यंत्रणा) यांच्या डिझाईनमध्ये काढली, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो. या विषयावर बोलणारे बहुतेकजण किती मीटरवरून किती मिलिमीटर चिलखत फुटतं त्या तक्त्यातच अडकून पडतात, आणि ती तोफ चिखलातून ढकलत नेणाऱ्या सहा माणसांपर्यंत कोणी येतच नाही. माझ्या मते जर्मन तोफांची सगळी गोष्ट तिथेच आहे.

८८ चं आधी घेऊ. ही मुळात विमानविरोधी तोफ, क्रुपच्या इंजिनियर लोकांनी स्वीडनच्या बोफोर्सकडे बसून तिच्यावर सुरुवातीचं काम केलं होतं. रणगाड्यावर ती चालते हे स्पेनच्या यादवी युद्धातच दिसलं होतं. मग २१ मे १९४० ला फ्रान्समध्ये अरासजवळ ब्रिटिश माटिल्डा रणगाडे जर्मन सेनापती रोमेलच्या डिव्हिजनवर चालून आले, माटिल्डाचं पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर, जर्मन ३७ चे गोळे त्यावरून उडून जात होते, तेव्हा फील्ड गन (पायदळाला आधार देणाऱ्या साध्या मैदानी तोफा) आणि ८८ पुढे आणून त्यांना थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी १५ जून १९४१ ला इजिप्तमधल्या हलफाया खिंडीत तेच झालं. आपल्याकडच्या वाचकांना ही लढाई माहीत हवी, कारण खिंडीच्या खालच्या बाजूने चढाई करणाऱ्या ११व्या इंडियन ब्रिगेडमध्ये आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. वरच्या पठारावर पुढे गेलेली माटिल्डांची स्क्वाड्रन खोदून लपवलेल्या ८८ समोर जवळजवळ पूर्ण संपली, आणि रणगाड्यांचा आधार गेल्यावर पायदळाला ती खिंड घेता आली नाही.

पण हलफायात ८८ चालली ती जागा ठरलेली होती म्हणून. वर सपाट उघडं वाळवंट, खड्डे खणायला वेळ मिळालेला, आणि शत्रू कुठून येणार हे माहीत. ही तोफ फायरिंगला उभी असताना साधारण ५ टनांची आणि रस्त्यावर ओढताना ७ टनांहून जास्त, ओढायला ८ टनी हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेली गाडी) लागायचा, आणि आडोशाला खड्डा नसेल तर माणसापेक्षा उंच दिसायची. शिवाय बहुतेक ८८ लुफ्तवाफेच्या, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या ताब्यात, आणि जर्मन शहरांवर बॉम्बहल्ले वाढत गेले तशी तिथली मागणी संपेचना. पायदळाच्या प्रत्येक रेजिमेंटला अशी तोफ देणं हे नुसतं कागदावर शक्य होतं.

पायदळाबरोबरची अँटीटँक तोफ वेगळ्या कामाची असते. ती बुटकी हवी, झुडपात लपली पाहिजे, पाचदहा गोळे टाकले की तिची जागा शत्रूला कळतेच, मग क्रूने ती हाताने उचलून-ढकलून दुसरीकडे नेली पाहिजे, आणि हे सगळं चालू असताना मशीनगन आणि उखळी तोफांचा मारा सुरू असतो. हे निकष लावले तर जर्मनांची पहिली तोफ, ऱ्हाइनमेटालची ३७ मिलिमीटर पाक ३५/३६ (जर्मन भाषेत अँटीटँक तोफेला पाक म्हणतात), हे अगदी नेटकं डिझाईन होतं. वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास, दोघातिघांनी ढकलावी इतकी हलकी. मूळ डिझाईन १९२० च्या दशकातलं, घोड्यांनी ओढायचं, पुढे हवेचे टायर आणि स्प्रिंगचं सस्पेन्शन लावून मोटारीमागे ओढण्याजोगी केली. ट्रेल, म्हणजे मागचे दोन पाय, उघडले की सस्पेन्शन आपोआप लॉक व्हायचं, म्हणजे फायरिंगला तोफ स्प्रिंगवर डोलत नाही. सोव्हिएत लोकांनी हेच डिझाईन विकत घेऊन त्यावरून पुढे स्वतःची ४५ मिलिमीटर काढली आणि अमेरिकन ३७ वरही याचाच प्रभाव आहे, त्यामुळे १९३६ साली जगातली आदर्श अँटीटँक तोफ कोणती असं विचारलं असतं तर हीच.

अडचण चिलखताने केली. ५०० मीटरवर ही तोफ साधारण ३० मिलिमीटर फोडायची. माटिल्डा ७८, फ्रेंच शार बी १ बिस रणगाड्याचं ६०, आणि जून १९४१ मध्ये रशियात टी-३४ समोर आला, त्याच्या धडाचं पुढचं चिलखत ४५ मिलिमीटर पण उभ्या रेषेपासून ६० अंश कललेलं, म्हणजे आडव्या येणाऱ्या गोळ्याला प्रत्यक्षात ९० मिलिमीटर पोलाद पार करायचं, आणि वर गोळा घसरण्याची शक्यता वेगळी. केव्ही-१ या जड रशियन रणगाड्याचं तर सरळ ७५. जर्मन सैनिक या ३७ ला दार ठोठावायचं यंत्र म्हणायला लागले. नंतर तिच्यासाठी नळीच्या तोंडावर बाहेरून बसवायचा एक मोठा शेप्ड चार्ज (स्फोटाची ताकद एका बारीक धारेत एकवटून चिलखत भेदणारा) बॉम्ब काढला, तो १८० मिलिमीटर फोडायचा पण रेंज ३०० मीटरच्या आत, आणि प्रत्येक वेळी लोडरला ढालीच्या पुढे जाऊन तो नळीवर चढवावा लागायचा. रणगाडा समोरून येतोय आणि तुम्ही ढालीच्या पुढे उभे. ते काम करणाऱ्या पोरांचा विचार मनात येतोच.

पुढची ५० मिलिमीटर पाक ३८ फ्रान्सच्या मोहिमेनंतर म्हणजे १९४० च्या उत्तरार्धात आली. हिची कॅरेज मला आजही आवडते. टॉर्शन बार सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी पीळ खाणारी पोलादी दांडी), नळकांडी ट्रेल, दोन पातळ पत्रे मध्ये मोकळी जागा ठेवून केलेली वळणदार ढाल, हाताने हलवताना ट्रेलखाली लावायचं छोटं तिसरं चाक. तोफ हलवण्याचा प्रश्न डिझाईनरने सुरुवातीपासून लक्षात घेतला होता हे त्या तिसऱ्या चाकावरून कळतं. वजन १००० किलोच्या आसपास. पण साध्या गोळ्याने टी-३४ ला समोरून फोडणं तिला अवघड जायचं, बाजूने किंवा अगदी जवळून जमायचं, नाहीतर टंगस्टनच्या गाभ्याचा गोळा लागायचा, आणि टंगस्टनची वेगळीच कथा आहे, ती पुढे सांगतो.

आता ७५ मिलिमीटर पाक ४०. काम १९३९ मध्येच क्रुप आणि ऱ्हाइनमेटाल दोघांकडे दिलं होतं पण घाई कोणालाच नव्हती, टी-३४ आल्यावर धावपळ सुरू झाली आणि पहिल्या तोफा १९४१ संपता संपता आघाडीवर पोचल्या. ऱ्हाइनमेटालचं डिझाईन पास झालं. युद्ध संपेपर्यंत २३ हजारांच्या वर बनल्या. दिसायला पाक ३८ ची मोठी बहीण, पण जवळून पाहिलं तर किती ठिकाणी बदल केलेत ते कळतं: ढाल वळवलेल्या पत्र्याऐवजी सपाट पत्रे कोनात जोडून, कारण वाकवायचं काम वाचतं, आणि हलक्या मिश्रधातूंच्या जागी जवळजवळ सगळीकडे पोलाद, कारण ॲल्युमिनियम विमानांना हवं होतं. अशा निर्णयांबद्दल पुस्तकात एखादी ओळ असते, पण हजारो तोफा काढायच्या तर फॅक्टरीतला वेळ असाच वाचतो.

इथे एक हिशोब मांडतो, नव्या तोफेचं कागदावरचं चित्र आलं की असा हिशोब करायची मला सवयच होती. गोळा नळीतून बाहेर पडताना त्यात किती ऊर्जा आहे, त्याला तोफेच्या वजनाने भागायचं. ३७ चा गोळा सुमारे ०.६८ किलोचा, वेग साधारण ७४५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे १९० किलोज्यूल, वजन ३२८ किलो, तर दर किलोमागे ०.५८ किलोज्यूल. पाक ३८ चा गोळा २.०६ किलो आणि वेग ८२३, म्हणजे ७०० च्या जवळ, वजन १०००, उत्तर ०.७. पाक ४० चा गोळा ६.८ किलो, वेग ७९२, ऊर्जा २१३० च्या आसपास, वजन १४२५, उत्तर १.५. एकदम दुप्पट! आणि नंतरची ८८ मिलिमीटर पाक ४३ घ्या, १०.२ किलोचा गोळा १००० मीटर प्रति सेकंदाने, ५१०० किलोज्यूल, वजन ३७०० च्या आसपास, उत्तर १.४ च्या खाली. तीच नळी घाईघाईत केलेल्या कॅरेजवर बसवलेली पाक ४३/४१, वजन ४४०० च्या आसपास, उत्तर १.१६. शेवटची १२८ मिलिमीटर पाक ४४ तर १० टनांची, उत्तर सव्वाच्या आसपास. म्हणजे ३७ पासून ७५ पर्यंत चढ आणि तिथून पुढे उतार.

हा चढ येतो कसा? लहान तोफेत चाकं, ढाल, नेम धरायची साइट, ट्रेल यांचं वजन एका मर्यादेखाली जातच नाही, त्यामुळे नळी मोठी करत नेली की सुरुवातीला फायदाच होत जातो. पण रिकॉइल वाढतो. पाक ४० च्या गोळ्याचा संवेग ३७ च्या दहापट, आणि तोफेचं वजन मात्र सव्वाचारपट. हा फरक कोणीतरी सोसायचा. थोडा रिकॉइल सिस्टमने, थोडा मझल ब्रेकने, जो नळीच्या तोंडाशी बाहेर पडणारा गॅस बाजूला आणि मागे वळवून नळीला पुढे ओढतो, आणि उरलेला सगळा ट्रेलच्या शेवटी असलेल्या, फावड्यासारख्या स्पेडने जमिनीत. मझल ब्रेक फुकट मिळत नाही, समोरची धूळ किंवा बर्फ उडतो, गनरला पुढचं काही क्षण दिसत नाही आणि शत्रूला तुमची जागा दिसते. आणि स्पेड मऊ जमिनीत प्रत्येक गोळ्यागणिक नांगराच्या फाळासारखा खाली खाली जातो. पाक ४० च्या क्रूची रशियातली मोठी तक्रार हीच होती, आठदहा गोळे मारल्यावर स्पेड इतका रुतायचा की माणसांच्या ताकदीने तोफ बाहेर निघायची नाही, आणि माघारीची वेळ आली की चांगली चालती तोफ तिथेच सोडून यावं लागायचं. प्रूफ रेंजवर, म्हणजे तोफांच्या चाचणीच्या मैदानावर, पावसाळ्यात असे रुतलेले स्पेड आम्ही ट्रॅक्टर लावून काढलेत, तिथे ट्रॅक्टर होता आणि कोणी गोळ्या झाडत नव्हतं एवढाच फरक.

तर दीड टन ही हाताने हलवता येणाऱ्या तोफेची वरची मर्यादा, खरं म्हणजे थोडी पलीकडेच. तुलनेला ब्रिटिश ६ पाउंडर साधारण ११४० किलोची, आणि सोव्हिएत झिस-३ ही ७६.२ मिलिमीटरची तोफ तर ११२० किलोच्या आत, जी फील्ड गन म्हणूनही चालायची आणि अँटीटँक म्हणूनही. ब्रिटिशांची १७ पाउंडर ३ टनांची, म्हणजे तीच अडचण त्यांच्याकडेही होतीच.

झिस-३ चा डिझाईनर ग्राबिन, आणि त्याच्याच आधीच्या एका तोफेची गंमत बघा. एफ-२२ ही त्याची १९३६ सालची फील्ड गन. त्याने ब्रीच (नळीचं मागचं, गोळा भरायचं तोंड) आणि नळी जास्त ताकदीच्या काडतुसासाठी मजबूत धरली होती, पण सैन्याने जुनंच छोटं काडतूस वापरायची अट घातली. १९४१ मध्ये या तोफा शेकड्यांनी जर्मनांच्या हाती लागल्या, त्यांनी हिशोब केला आणि ही नळी बरंच जास्त प्रेशर सहन करेल हे ओळखलं. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, मोठा कोरून ७१५ मिलिमीटर लांब केसचं नवीन काडतूस बनवलं, दारू जवळजवळ अडीचपट, पुढे मझल ब्रेक. मूळ तोफेत उंची बदलायचं चाक एका बाजूला आणि दिशा बदलायचं दुसऱ्या बाजूला, चालत्या रणगाड्यावर नेम धरायला हे निरुपयोगी, म्हणून दोन्ही एका बाजूला आणली. ही ७६.२ मिलिमीटर पाक ३६(आर), आणि पाक ४० पुरेशा होईपर्यंत रशियात आणि आफ्रिकेत हिनेच दिवस काढले. दुसऱ्याचं डिझाईन वाचून त्यातली दडलेली क्षमता बाहेर काढणं, माझ्या मते संपूर्ण युद्धातलं हे सर्वात हुशार इंजिनियरिंग आहे.

फ्रेंच १८९७ च्या ७५ ची नळी पाक ३८ च्या कॅरेजवर बसवली ती पाक ९७/३८ तितकी जमली नाही. या नळीतून गोळ्याचा वेग कमी म्हणून शेप्ड चार्जचे गोळे वापरायचे, कॅरेज त्या रिकॉइलला हलकी म्हणून तोफ प्रत्येक गोळ्याला उड्या मारायची, आणि शेप्ड चार्ज फिरत गेला की त्याची धार पसरते. ही फिरण्याची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

आता टंगस्टन. हर्मान गेर्लिख नावाच्या जर्मन इंजिनियरची कल्पना अशी की नळी पुढे निमुळती होत जावी, गोळ्याभोवती मऊ धातूची कडी असावी, ती दाबली जात जावी, म्हणजे मोठ्या क्षेत्रफळावर प्रेशर मिळतं आणि बाहेर पडतो तो बारीक, अतिवेगवान गोळा. यातली सर्वात छोटी २८ मिलिमीटरवरून २० वर येणारी, वजन फक्त २२९ किलो आणि वेग १४०० मीटर प्रति सेकंद. सर्वात मोठी क्रुपची पाक ४१, ७५ वरून ५५ वर, वजन १३५६ किलो, म्हणजे पाक ४० पेक्षाही हलकी आणि भेदकता जास्त. नळीची झीज प्रचंड, आयुष्य पाचशे गोळ्यांच्या आसपास, पण क्रुपने निमुळता भाग वेगळा ठेवून तो युनिटच्या वर्कशॉपमध्ये बदलता येईल असा केला होता. तांत्रिकदृष्ट्या हे अस्सल काम. पण एवढ्या वेगाने आदळताना साध्या पोलादाचा गाभा फुटतो, टंगस्टन कार्बाइडच पाहिजे. चीनकडून येणारं टंगस्टन जून १९४१ नंतर सैबेरियाच्या रेल्वेने येणं बंद झालं, उरले पोर्तुगाल आणि स्पेन, आणि कारखान्यातल्या लेथ-मिलिंगच्या टूल टिपांनाही तेच टंगस्टन लागतं. गोळे करायचे की तोफा कापायच्या टिपा, असा प्रश्न आला की टिपाच जिंकणार. पाक ४१ फक्त १५० बनल्या, आणि गोळे संपल्यावर नुसती तोफ काय कामाची. डिझाईन करताना कच्चा माल कुठून येणार हे आधी विचारा असं मी ज्युनियर लोकांना सांगायचो ते याच उदाहरणावरून.

पाक ४३ वर मी वरती टीका केल्यासारखं वाटेल, तर तिचं श्रेयही देतो. क्रुपची ही तोफ, नळी ७१ कॅलिबर (नळीच्या आतल्या व्यासाच्या ७१ पट) लांब म्हणजे सव्वासहा मीटर, १००० मीटरवरून १६० मिलिमीटरच्या वर चिलखत फोडायची, त्या काळातला जवळजवळ कुठलाही रणगाडा तिच्या पुढे टिकत नव्हता. फुलीच्या आकाराचा प्लॅटफॉर्म, चारी दिशांना फिरायची, आणि तरी एवढी बुटकी की आश्चर्य वाटावं. प्लॅटफॉर्मचा पाय आड येत असेल त्या कोनात नळी मागे येऊन पायावर आपटू नये म्हणून फायरिंगचं इलेक्ट्रिक सर्किट आपोआप तुटायचं, किती बारीक विचार केलाय बघा. वेग इतका की गोळ्याचे ड्रायव्हिंग बँड (नळीतल्या आट्यांत रुतून गोळ्याला फिरवणारी कडी) रुंद करावे लागले, जुन्या अरुंद बँडचे गोळे झिजलेल्या नळीतून मारायला बंदी. पण कॅरेज बनवायला वेळ लागायचा, नळ्या तयार आणि कॅरेज नाहीत, म्हणून १०५ च्या हॉवित्झरचे (उंच कमानीतून मारा करणाऱ्या तोफेचे) ट्रेल आणि १५० च्या हॉवित्झरची चाकं जोडून ४३/४१ केली. क्रू तिला कोठाराचं दार म्हणायचे, इतकी उंच आणि बोजड. ती एकदा मांडली की हलवणं अशक्य, आणि म्हणून हीच नळी नासहॉर्नसारख्या ट्रॅकवरच्या गाडीवर जास्त शोभली. पाक ४० चंही तेच, जुन्या पँझर २ किंवा चेक ३८(टी) या रणगाड्यांच्या चेसिसवर बसवून मार्डर नावाच्या गाड्या केल्या, कारण माणसांनी ढकलायची मर्यादा संपली होती.

जाता जाता एक गोष्ट जिने क्वार्टरमास्टर, म्हणजे साहित्य पुरवणाऱ्या लोकांचं डोकं उठवलं असणार: पाक ४० चं काडतूस ७१४ मिलिमीटर लांब, टरेटमध्ये, म्हणजे रणगाड्याच्या फिरत्या बुरुजात, ते फिरवता येईना म्हणून रणगाड्यातल्या त्याच ७५ साठी ४९५ मिलिमीटरचं जाडजूड वेगळं काडतूस केलं. विमानविरोधी ८८ चं ५७१, पाक ४३ चं ८२२. एकाच कॅलिबरच्या तोफा शेजारी उभ्या आणि एकीचा दारूगोळा दुसरीला चालत नाही.

आता ते फिरण्याचं. १९४३ मध्ये पायदळाने मागणी केली की पाक ४० आम्हाला झेपत नाही, खांद्यावरच्या अँटीटँक रॉकेटला दारू फार लागते आणि नेमही नाही, तर ६०० किलोच्या आसपासची तोफ द्या जी ७५० मीटरवर एक मीटरच्या चौकोनात मारेल. ऱ्हाइनमेटालने दिलेलं उत्तर म्हणजे ८ सेंटीमीटरची पीएडब्ल्यू ६००. नळी गुळगुळीत, गोळ्याला फिरवणारे आटे (खाचा) नाहीत, त्यामुळे शेपटीला पंख असलेला शेप्ड चार्ज न फिरता जातो आणि धार पसरत नाही. काडतुसाच्या तोंडाशी आठ भोकांची जाड चकती, आत दारू जळताना ११०० बारच्या आसपास प्रेशर, पण भोकांतून गॅस हळूहळू बाहेर येतो म्हणून नळीत त्याच्या निम्मंच. त्यामुळे नळी पातळ, कॅरेज हलकी, भेदकता १४० मिलिमीटर. माझा वरचा हिशोब लावला तर २.७ किलोचा गोळा, ५२० मीटर प्रति सेकंद, दर किलोमागे ०.६, म्हणजे परत ३७ च्या जागी. फक्त आता भेदकता वेगावर अवलंबूनच नव्हती, त्यामुळे तो आकडा कमी असून चालत होता. युद्ध संपेपर्यंत अडीचशेच्या वर थोड्याच बनल्या. ४० मिलिमीटरच्या ग्रेनेड लाँचरचं काडतूस उघडून पाहिलंत तर आत दाबाच्या दोन खोल्या आणि मधली भोकं दिसतील, ती याच तोफेची पद्धत.